दोन सर्व्हर, एक फाइल आणि क्रॉसिंगला थांबलेली गाडी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचे संगणकाचे काम मी पाहतो. गणपतीच्या आधीचे दहा-बारा दिवस तेथे काउंटरसमोर उभे राहायला जागा नसते: कोणी ठेव मोडायला आलेले असते, कोणी मुंबईच्या मुलाने पाठवलेले पैसे काढायला, आणि पिग्मी एजंट दिवसभराची जमा घेऊन बाकावर ताटकळत बसलेले असतात. एका वर्षी या गर्दीच्या तोंडावर संस्थेने दुसरा सर्व्हर घेतला. एक बंद पडला तर दुसऱ्यावर काम चालावे आणि दोन्ही चालू असतील तेव्हा भार वाटला जावा, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. दोन्ही सर्व्हर एकाच सामाईक डिस्कपेटीला जोडले गेले, म्हणजे खातेदारांची माहिती एकाच जागी राहिली आणि ती दोघांनाही दिसू लागली. त्याच आठवड्यात पावती निघायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागू लागला आणि महिनाअखेरीची व्याज आकारणी तर संपता संपेना. रोखपाल काका मला म्हणाले, "अहो साहेब, एकच होता तेव्हा बरा चालायचा हो. दुसरा आणलात आणि पहिलाही बसला."

काकांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर होते. दोन्ही सर्व्हरांत बिघाड नव्हता, डिस्क भरलेली नव्हती, नेटवर्कची तार तुटलेली नव्हती. वेळ जात होता तो परवानगीच्या देवाणघेवाणीत. सरकारी कार्यालयापासून महासंगणकापर्यंत, जेथे जेथे अनेक यंत्रे एकाच माहितीवर काम करतात, तेथे हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत भेटतो. आणि "सर्व्हर स्लो आहे" एवढेच ऐकून परत फिरणाऱ्या माणसाला तो कोणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

फाइल सिस्टीम, आणि तिचे अनेक मालक

डिस्कवर प्रत्यक्षात असतात ते क्रमांक दिलेले असंख्य लहान कप्पे. कोणत्या फाइलचा मजकूर कोणत्या कप्प्यांत आहे, कोणते कप्पे रिकामे आहेत, कोणती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे, याची नोंदवही सांभाळणाऱ्या व्यवस्थेला फाइल सिस्टीम म्हणतात. घरच्या लॅपटॉपवर ही नोंदवही एकाच यंत्राच्या ताब्यात असते. त्यामुळे ते यंत्र तिची बरीच पाने स्वतःच्या मेमरीत उघडी ठेवते आणि डिस्कपर्यंत न जाताच पुष्कळ कामे उरकून टाकते. मेमरीतल्या या प्रतीला कॅशे म्हणतात, आणि संगणकाचा जो वेग आपल्याला जाणवतो त्यातला मोठा वाटा या कॅशेचा असतो.

तीच डिस्क दोन यंत्रांना जोडली की नोंदवहीला दोन मालक होतात. प्रत्येकाकडे स्वतःची उघडी पाने असतात आणि एकाने केलेली खाडाखोड दुसऱ्याला दिसत नाही. साधी फाइल सिस्टीम अशा रीतीने दोन यंत्रांवर उघडली, तर काही वेळातच एकाने रिकामा समजून घेतलेला कप्पा दुसऱ्याने आधीच भरलेला असतो आणि सगळी माहिती नासते. हे टाळण्यासाठी जी फाइल सिस्टीम मुळापासून अनेक यंत्रांसाठी रचलेली असते ती क्लस्टर फाइल सिस्टीम. आणि तिच्यातल्या प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. आयबीएमची जीपीएफएस १९९८ साली बाजारात आली, जीएफएस२ आणि ओसीएफएस२ या दोन्ही २००६ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात दाखल झाल्या, आणि लस्टर ही महासंगणकांवर मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. यांच्या रचना वेगवेगळ्या असल्या तरी एका गोष्टीवाचून यांतल्या कोणाचेच चालत नाही, आणि ती म्हणजे कुलूप.

कुलूप कशासाठी लागते

पतसंस्थेच्या प्रोग्रॅममध्ये पावती क्रमांकाची एक फाइल आहे. तिच्यात एकच आकडा असतो. पावती काढताना प्रोग्रॅम तो आकडा वाचतो, त्यात एक मिळवतो आणि नवा आकडा परत लिहितो. समजा फाइलमध्ये ४५१७ आहे. पहिल्या सर्व्हरने ४५१७ वाचला आणि तो ४५१८ लिहिणार, एवढ्यात दुसऱ्या सर्व्हरनेही ४५१७ वाचला. दोघेही ४५१८ लिहितात आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या दोन वेगळ्या खातेदारांच्या हातात पडतात. ऑडिटच्या वेळी याचा काय घोळ होतो, हे पतसंस्थेत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

म्हणून वाचण्यापूर्वी फाइलला कुलूप लावायचे, काम उरकायचे आणि मग ते काढायचे. कुलूप लागलेले असेपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. येथे दोन थर आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये. एक कुलूप प्रोग्रॅम स्वतः मागतो, कारण त्याला त्याचा आकडा सुरक्षित हवा असतो. दुसरे कुलूप फाइल सिस्टीम स्वतःसाठी लावते, कारण तिला तिच्या नोंदवहीची पाने सुरक्षित हवी असतात. ते प्रोग्रॅमने मागितलेले नसते आणि बहुतेक वेळा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. काम रखडते तेव्हा संशय पहिल्या कुलपावर जातो, पण माझा अनुभव असा की दोषी बहुधा दुसरे असते.

एकेरी मार्गाचा गोळा

कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्याला क्रॉसिंग शिकवावे लागत नाही. रोहा ते वीर हा दुहेरी झालेला पट्टा सोडला, तर हा मार्ग मुख्यतः एकेरी आहे. समोरून गाडी येत असेल तर आपली गाडी कोठल्यातरी स्टेशनाच्या बाजूच्या रुळावर जाऊन उभी राहते, माणसे खाली उतरून पाय मोकळे करतात, आणि समोरची गाडी धडधडत निघून गेल्यावरच सिग्नल पडतो.

भारतातल्या जुन्या एकेरी मार्गांवर यासाठी लोखंडी गोळ्याची पद्धत होती. दोन शेजारच्या स्टेशनांवर एकमेकांना विजेच्या तारेने बांधलेली दोन यंत्रे असत. एका वेळी त्या दोन्हींतून मिळून एकच गोळा बाहेर निघू शके. तो कातडी पिशवीत घालून चालकाच्या हाती दिल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे, आणि पुढच्या स्टेशनावर पोहोचल्यावर तो तेथल्या यंत्रात परत टाकावा लागे. गोळा ज्याच्या हाती, त्याचाच तो टप्पा.

क्लस्टरमधले कुलूप म्हणजे हा गोळा. तो कोणाकडे आहे, कोणाला हवा आहे, रांगेत पुढे कोण, याचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला वितरित कुलूप व्यवस्थापक म्हणतात. वितरित अशासाठी की हा हिशेब एका यंत्रावर न ठेवता सगळ्या नोडांत वाटलेला असतो. ही कल्पना डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८० च्या दशकात आपल्या व्हॅक्स यंत्रांच्या क्लस्टरसाठी प्रत्यक्षात आणली. तिच्यात कुलपाचे सहा प्रकार होते: नुसती नोंद ठेवणाऱ्यापासून ते दुसऱ्या कोणालाच आत येऊ न देणाऱ्यापर्यंत. लिनक्समधला कुलूप व्यवस्थापक आजही तेच सहा प्रकार मानतो. आपल्याला त्यांतले दोनच पुरेत: वाचनाचे कुलूप, जे अनेक नोडांना एकाच वेळी मिळू शकते, आणि लेखनाचे कुलूप, जे एका वेळी एकालाच मिळते.

वेळ नेमका कोठे जातो

गणपतीच्या जादा गाड्या कोकणात एकापाठोपाठ एक सोडतात, तेव्हा एकाच दिशेने धावणाऱ्या त्या गाड्या एकमेकींना फारशा अडवत नाहीत. खरा खोळंबा होतो तो समोरासमोरच्या गाड्यांचा. दिशा जितक्या वेळा बदलते तितक्या वेळा कोणालातरी बाजूला काढावे लागते. कुलपाचेही तसेच आहे. एका नोडने एकदा मिळवलेले कुलूप तो लगेच सोडून देत नाही. दुसऱ्या कोणी मागेपर्यंत स्वतःकडेच ठेवतो, आणि त्या मुदतीत त्याच फाइलवर हजारो कामे मेमरीतल्या मेमरीत करतो. असे एक कुलूप लावून काढायला साधारण एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. कुलूप महाग पडते ते हात बदलताना.

हात बदलताना काय घडते ते पावती क्रमांकाच्या फाइलवर पाहू. दुसऱ्या सर्व्हरला लेखनाचे कुलूप हवे आहे. तो व्यवस्थापकाला निरोप धाडतो. व्यवस्थापक पाहतो की कुलूप पहिल्याकडे आहे, म्हणून पहिल्याला निरोप जातो की सोड. पहिला हातातले काम पुरे करतो. पण नवा आकडा अजून त्याच्या मेमरीतच असतो, डिस्कवर नाही. तो तसाच ठेवून कुलूप सोडले तर दुसरा जुनाच आकडा वाचेल. म्हणून पहिला आधी फाइल सिस्टीमच्या रोजकीर्दीत, जिला जर्नल म्हणतात, बदलाची नोंद करतो, मग आकडा डिस्कवर लिहितो, डिस्कने "लिहिले" असे कळवेपर्यंत थांबतो, स्वतःची मेमरीतली प्रत रद्द करतो आणि मग कुलूप सोडतो. दुसऱ्याला कुलूप मिळते, पण त्याच्याकडे प्रत नसते, म्हणून तो डिस्कवरून वाचतो. आता कोठे तो एक मिळवू शकतो. आणि तेवढ्यात पहिल्या सर्व्हरवरच्या काउंटरला पुढची पावती काढायची असते.

आकड्यांत पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. एकाच खोलीतल्या दोन यंत्रांमध्ये साध्या नेटवर्कवरून निरोप जाऊन उत्तर यायला सुमारे शंभर-दोनशे मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मेमरीतल्या कुलपाच्या शे-दोनशे पट. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा असतो. प्रत्येक हातबदलाला एकच पूर्ण फेरा वाट पाहावी लागली, तरी सेकंदाला १२० हून जास्त हातबदल होऊ शकत नाहीत. आता वीस हजार खात्यांची व्याज आकारणी चालू आहे आणि दर नोंदीला क्रमांकाची फाइल, नोंदींची फाइल आणि फोल्डर अशी तीन कुलपे हात बदलत आहेत असे समजा: साठ हजार हातबदल, सेकंदाला १२० या दराने, म्हणजे आठ मिनिटांहून जास्त वेळ, आणि तोही निव्वळ देवाणघेवाणीत. एकाच सर्व्हरवर एवढीच कुलपे लावायला एका सेकंदाचा लहानसा अंशही लागत नाही. बरे, ही सर्वांत अनुकूल परिस्थिती झाली. प्रत्यक्षात एका हातबदलाला डिस्ककडे एकदाच जावे लागते असे नाही.

रचनाकारांना हे ठाऊक होते. जीएफएस२ मध्ये कुलूप मिळाल्यावर ते किमान काही क्षण त्याच नोडकडे राहू देण्याची सोय आहे, म्हणजे मिळाल्याबरोबर हिसकावले जाऊन कोणाचेच काम होऊ नये असे घडत नाही. स्टेशनमास्तरने एका दिशेच्या दोन-तीन गाड्या काढून मगच समोरची सोडावी, तसा हा विचार आहे.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण तिने अनेकांना बुचकळ्यात टाकले आहे. प्रोग्रॅमने स्वतः मागितलेल्या कुलपांसाठी जीएफएसच्या एका जुन्या पिढीत सेकंदाला १०० अशी कमाल मर्यादाच मुळात घालून ठेवलेली होती. कुलपांच्या निरोपांनी नेटवर्क भरून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. क्लस्टर सांभाळणाऱ्या माणसाने मुद्दाम ती मर्यादा उठवेपर्यंत यंत्रे कितीही दमदार आणली तरी आकडा शंभराच्या वर सरकत नसे. मोजणीत असा गोल, स्थिर आकडा दिसला की यंत्राकडे न पाहता आधी नियमाकडे पाहावे.

"आम्ही तर नुसते वाचतो"

हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. वाचनाचे कुलूप सगळ्यांना एकाच वेळी मिळते, मग वाचणाऱ्यांनी का थांबावे? कारण फाइल शेवटची केव्हा वाचली गेली याचीही वेळ फाइल सिस्टीम परंपरेने नोंदवून ठेवते. म्हणजे वाचन केले की नोंदवहीत लेखन आले, आणि लेखन आले की एकट्याचे कुलूप आले. देवळातल्या अभिप्रायवहीतले अभिप्राय चाळणाऱ्या प्रत्येकाने "मी वही पाहिली" असे त्याच वहीत लिहायचे ठरवले, तर वाचणाऱ्यांचीही रांग लागेल. लिनक्सने २००९ पासून ही वेळ दर वाचनाला न नोंदवता क्वचितच नोंदवण्याची पद्धत नेहमीची म्हणून धरली. क्लस्टरवर मात्र ती नोंद पूर्णपणे बंद ठेवणेच हिताचे असते, आणि ज्यांना ती वेळ कधी पाहावीच लागत नाही त्यांचे यात काहीच जात नाही.

फोल्डरचेही असेच. फोल्डर म्हणजे फाइलींच्या नावांची यादी, आणि त्या यादीलाही कुलूप असते. दोन नोड एकाच फोल्डरमध्ये वेगवेगळ्या नावांच्या फाइली तयार करत असले, तरी दोघेही एकाच यादीत लिहीत असतात. फाइली वेगळ्या असूनही काम अडते ते यामुळे. पतसंस्थेच्या दोन्ही सर्व्हरांवरून निघणारी प्रत्येक पावती एका नव्या फाइलीच्या रूपाने एकाच फोल्डरमध्ये पडत होती.

वेगवान नेटवर्क आणि नव्या डिस्का घेतल्या तर?

उपयोग होतो, आणि तो नाकारू नये. फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, घेतली तर लिहून होण्याची वाट मिलिसेकंदांवरून बरीच खाली येते. चांगल्या नेटवर्कवर निरोपाचा वेळही घटतो. पण येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. विक्रेता सांगतो तो नेटवर्कचा वेग बहुधा रुंदीचा असतो, म्हणजे सेकंदाला किती माहिती वाहते याचा. कुलपाचा निरोप काही अक्षरांचा असतो; त्याला रुंदी नको, त्याला लवकर पोहोचायचे असते. घाटाचा रस्ता चौपदरी केला म्हणून पत्र घेऊन जाणारा एकटा मोटारसायकलस्वार चौपट लवकर पोहोचत नाही.

अंतर वाढले की तर काहीच हातात राहत नाही. "एक सर्व्हर रत्नागिरीत आणि एक मुंबईत ठेवू, म्हणजे पुराची भीती नको," असा प्रस्ताव माझ्यासमोर आला होता. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. रत्नागिरी ते मुंबई तारेचा मार्ग साडेतीनशे किलोमीटर धरला, तर जाऊन-येऊन सातशे किलोमीटर, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद. वाटेत एकही अडथळा नाही, डिस्क क्षणार्धात लिहिते, असे सगळे गृहीत धरूनही एका कुलपाची सेकंदाला तीनशे देवाणघेवाणीही होणार नाहीत. दूरच्या प्रतीसाठी वेगळे, सावकाश जुळवून घेणारे मार्ग आहेत; एकच फाइल सिस्टीम दोन गावांत ताणणे हा त्यांतला नव्हे.

कुलूपच काढून टाकले तर?

हा मोह खरा आहे, आणि काही ठिकाणी त्याची सोयही करून ठेवलेली सापडते. लस्टरमध्ये प्रोग्रॅमने मागितलेली कुलपे फक्त त्या-त्या नोडपुरती पाळण्याचा एक पर्याय आहे. तो निवडला की कुलूप भराभर लागते, कारण दुसऱ्या नोडला विचारलेच जात नाही. एकाच नोडवर चालणाऱ्या कामासाठी तो पर्याय योग्य आहे. दोन नोडांवरून एकच फाइल बदलणाऱ्या कामासाठी मात्र तो म्हणजे दोन्ही स्टेशनांवर गोळ्यांचे वेगवेगळे डबे ठेवण्यासारखे आहे. प्रत्येक चालकाकडे गोळा आहे, प्रत्येकाला वाटते की टप्पा आपला आहे.

कुलूप खरोखर काम करते की नाही, हे तपासण्याचे एक साधे आणि सुंदर साधन आहे. विंडोज आणि लिनक्स यंत्रांना एकमेकांच्या फाइली वापरू देणारा सांबा हा प्रकल्प सुरू करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी पिंग-पाँग नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो एका लहान फाइलमधल्या एका अक्षराला कुलूप लावतो, मग पुढच्या अक्षराला लावतो, मागचे सोडतो, असे वर्तुळात फिरत राहतो आणि सेकंदाला किती कुलपे लागली ते दाखवतो. एका नोडवर तो चालवला की आकडा मोठा दिसतो. दुसऱ्या नोडवर त्याच फाइलवर तो सुरू केला की आकडा धाडकन खाली यायला हवा. तो खाली आला नाही, तर आनंदाचे कारण नाही: दोन नोडांना एकमेकांची कुलपे दिसतच नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. मंदपणा हा येथे कुलूप जागे असल्याचा पुरावा आहे. ज्या माणसाला "सामाईक फाइल सिस्टीमवरही आमचा वेग तेवढाच राहतो" असे सांगितले जाते, त्याने ही चाचणी समोर बसून चालवून घ्यावी, असे माझे कळकळीचे सांगणे आहे.

एसक्यूलाइट या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्या डेटाबेसचे निर्मातेही नेटवर्कवरून जोडलेल्या फाइल सिस्टीमवर तो ठेवण्याबाबत सावध करतात, आणि कारण हेच: तेथली कुलपे पुष्कळदा भरवशाची नसतात.

आणि गोळा घेतलेली गाडी गप्प झाली तर?

पावसाळ्यात आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. समजा पहिल्या सर्व्हरकडे लेखनाचे कुलूप आहे आणि तो अचानक निरोपांना उत्तर देईनासा झाला. तो बंद पडला आहे, की फक्त तार सुटली आहे आणि तो आत डिस्कवर लिहीतच आहे? दुसऱ्याला हे बाहेरून कळत नाही. बोगद्यात गेलेल्या गाडीचा संपर्क तुटला म्हणून मागून दुसरी गाडी आत सोडता येत नाही. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे; आत काय चालले आहे याचा अंदाज बांधून कोणी सिग्नल देणार नाही.

म्हणून क्लस्टर आधी त्या गप्प नोडला खात्रीने वेगळे पाडते: त्याचा वीजपुरवठा तोडते किंवा डिस्कपर्यंतची त्याची वाट बंद करते. याला फेन्सिंग, म्हणजे कुंपण घालणे, असे नाव आहे. ते झाल्यावर दुसरा नोड पहिल्याची रोजकीर्द वाचून अर्धवट कामे निस्तरतो आणि मगच अडकलेली कुलपे मोकळी होतात. तोपर्यंत त्या फाइल सिस्टीमवरचे काम थांबते. खातेदाराला हा गोठलेपणा बिघाड वाटतो, पण त्या मुदतीतच त्याच्या ठेवीची नोंद वाचवली जात असते. फेन्सिंगचा खर्च नको म्हणून ते बंद ठेवलेले क्लस्टर मी पाहिले आहे, आणि ते चालवणाऱ्यांना मी हात जोडून सांगितले होते की दुसरे काही कापा, हे कापू नका.

दोनच नोड असले की आणखी एक पेच येतो. तार तुटल्यावर दोघांनाही वाटते की समोरचाच मेला, आणि बहुमत म्हणावे तर एक विरुद्ध एक. त्यासाठी तिसरे एखादे लहान यंत्र केवळ मतासाठी ठेवतात.

हजारो नोडांवर हे कसे निभावते

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धनच्या परिसरात आले, आणि तेव्हापासून हवामानाच्या अंदाजाची बातमी किनाऱ्यावरची माणसे वेगळ्या कानांनी ऐकतात. मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज काढते, आणि तिच्यामागे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतला अर्का हा ११.७७ पेटाफ्लॉप (सेकंदाला किती आकडेमोडी होतात याचे माप) क्षमतेचा महासंगणक आहे. अशा कामात पृथ्वीचे चौकोन पाडून ते हजारो प्रोसेसरांना वाटून देतात, आणि ठराविक टप्प्यांवर सगळ्यांनी आपापले उत्तर लिहून ठेवायचे असते. हजारोंनी एकाच फाइलवर एकट्याचे कुलूप मागितले, तर उद्याचा अंदाज परवा मिळेल.

यावरचा पहिला उपाय म्हणजे पूर्ण फाइलऐवजी फाइलच्या तुकड्याला कुलूप लावणे. जीपीएफएसची रीत येथे लक्षात राहण्यासारखी आहे. पहिला लिहिणारा आला की त्याला सुरुवातीपासून अखेरपर्यंत पूर्ण फाइलचा हक्क मिळतो, कारण कदाचित दुसरा कोणी येणारच नाही. दुसरा आला आणि त्याला पुढचा भाग हवा असला, की हक्काची वाटणी होते, आणि त्यानंतर दोघे आपापल्या भागात एकमेकांना न विचारता लिहीत राहतात. वाटणी एकदाच, मग भांडण नाही.

पण वाटणीच्या रेषा कप्प्यांच्या कडेवर पडाव्या लागतात. दोन प्रोसेसरांचे भाग वेगळे असूनही सीमा एकाच कप्प्याच्या मधोमध आली, तर कुलूप सबंध कप्प्याचे असल्यामुळे दोघे पुन्हा एकमेकांची वाट पाहू लागतात. कोकणात हे समजायला उदाहरण शोधावे लागत नाही: दोन भावांच्या बागा वेगळ्या, कुंपणे वेगळी, पण सातबारा सामाईक, म्हणून एकाला कर्ज काढायचे तरी दुसऱ्याची सही. त्यामुळे जाणते प्रोग्रॅमर लिहिण्याचे तुकडे कप्प्याच्या मापाचे ठेवतात, किंवा हजारो प्रोसेसरांचे उत्तर आधी थोडक्याच प्रोसेसरांकडे गोळा करून त्यांच्याकरवी मोठ्या, सलग तुकड्यांत लिहवून घेतात. प्रत्येक बागायतदार आपल्या दोन पेट्या घेऊन वाशीला जात नाही. गावातून एक ट्रक भरतो.

पतसंस्थेत पुढे काय झाले

आम्ही नवे यंत्र घेतले नाही. वाचनाची वेळ नोंदवणे बंद केले. पावत्यांचे फोल्डर दोन केले, दर सर्व्हरला एक. आणि कोणत्या काउंटरने कोणत्या सर्व्हरवर जायचे हे पक्के करून टाकले, म्हणजे एका खात्याच्या फाइली सहसा एकाच सर्व्हरकडून हाताळल्या जाव्यात. एक सर्व्हर पडला तर त्याचे काउंटर दुसऱ्याकडे वळतात, तो मूळ हेतू तसाच राहिला. व्याज आकारणी एकाच सर्व्हरवरून, काउंटर बंद झाल्यावर चालवायचे ठरले.

उरली ती पावती क्रमांकाची फाइल. तिची वाटणी कशी करणार, आकडा तर एकच? मी हे काकांना समजावून सांगत होतो आणि ते मध्येच उठले. कपाटातून त्यांनी पिग्मी एजंटांना द्यायची दोन कोरी पावती पुस्तके काढली आणि माझ्यासमोर ठेवली. एकावर १ ते १००, दुसऱ्यावर १०१ ते २००. "एजंट दर पावतीला नंबर विचारायला माझ्याकडे आला असता तर मी दुसरे काय केले असते?" ते म्हणाले. तेच आम्ही सर्व्हरांसाठी केले. प्रत्येक सर्व्हर क्रमांकाच्या फाइलला कुलूप लावून एकदम शंभर क्रमांक उचलतो आणि ते संपेपर्यंत त्या फाइलकडे फिरकत नाही. शंभर पावत्यांमागे जे शंभर हातबदल होऊ शकत होते, तेथे आता एक होतो.

संचालक मंडळात यावर एक रास्त आक्षेप आला: क्रमांक आता वेळेच्या ओळीने लागणार नाहीत, आणि सर्व्हर मध्येच बंद पडला तर उचललेले काही क्रमांक वायाही जातील, ऑडिटर विचारणार. उत्तर पुन्हा काकांनीच दिले. पावतीवर वेळ छापलेली असतेच. आणि ३१ मार्चला एजंटांच्या पुस्तकांतली उरलेली पाने जशी "रद्द" शिक्का मारून नोंदवतात, तशी सर्व्हरांच्या न वापरलेल्या क्रमांकांची यादी त्याच रजिस्टरात खाली लिहिली जाते. त्या रजिस्टरात एजंटांच्या नावांखाली आता "सर्व्हर १" आणि "सर्व्हर २" अशा दोन ओळी आहेत, काकांच्या अक्षरात.